एकोणीस एकांची माळ

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर मी एक चौकट लिहिली होती. कला महाविद्यालयात गणित शिकवले जात नाही, आणि दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेल्यांपैकी मीही एक आहे. माझा विषय इतिहास. पण लहानपणापासूनची आकड्यांची खोड काही सुटलेली नाही. भित्तिपत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपणास ठाऊक आहे काय?’ असे सदर असते. तेथे मी ठळक अक्षरांत लिहिले : ‘१११११११ ही मूळ संख्या आहे. हिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही.’ खाली नाव आणि वर्ग लिहिण्यासही विसरलो नाही.

हे मी हवेत लिहिले नव्हते. वसतिगृहाच्या खोलीत दोन संध्याकाळी बसून मी २, ३, ५, ७, ११ असे करीत शंभराच्या आतल्या सगळ्या, म्हणजे पंचवीस मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला होता. एकानेही गेला नाही. पंचवीस साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर माझी खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी चौकटीखाली शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात कोणीतरी लिहिले होते : २३९ × ४६४९.

मी तेथेच उभ्या उभ्या वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. उत्तर सात एक. भोवती चारदोन मित्र होते. त्यांनी त्यानंतर आठवडाभर मला ‘मूळ’ याच नावाने हाक मारली. अक्षर कोणाचे ते दुपारी कळले. आमचे संस्कृतचे सर ग्रंथालयात भेटले आणि हसत म्हणाले, “अरे, शंभरावर थांबायला तुला कोणी सांगितलं?”

प्रश्न बिनतोड होता. एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यांतला लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. म्हणून वर्गमूळापर्यंत तपासावे लागते, त्याच्या अलीकडे थांबून चालत नाही. ११११११११ नव्हे, सात एकांचे वर्गमूळ १०५४ आणि थोडे अधिक. तेथपर्यंत १७७ मूळ संख्या आहेत. मी पंचविसांवर निकाल देऊन मोकळा झालो होतो. पण खरे आश्चर्य पुढेच होते. सरांनीही १७७ भागाकार केले नव्हते. त्यांनी फक्त आठ केले होते, आणि आठव्याला २३९ हाती लागले. ते आठ कोणते, हे त्यांनी मला कसे समजावले आणि मी त्यातून कुठवर गेलो, ते या लेखात सांगणार आहे.

प्रथम या एकांच्या माळांबद्दल. एकच एक अंक पुन्हा पुन्हा लिहून होणाऱ्या ११, १११, ११११ अशा संख्यांना मी सोयीसाठी ‘माळ’ म्हणतो. आपल्याकडे या माळांवर जीव जडवलेला माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीच्या शाळेत मास्तरकी. ६१७४ या संख्येशी त्यांचे नाव जगभर जोडले गेले आहे. पण त्यांनी ‘डेम्लो संख्या’ नावाचा आणखी एक परिवार अभ्यासला, आणि त्यातल्या सर्वांत देखण्या संख्या म्हणजे या माळांचे वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत ही चढउतार बिनचूक चालते. १२३४५६७८९८७६५४३२१ हा तिचा कळस. पुढे हातचे येऊ लागतात आणि शिडी मोडते. ‘डेम्लो’ हे नाव डोंबिवलीच्या जुन्या नावावरून आले. त्या रेल्वे स्टेशनावर कापरेकरांना ही कल्पना सुचली. आम्हा बीडकरांना रेल्वेसाठी २०२५ सालापर्यंत थांबावे लागले, तेव्हा आमच्या गावात असे काही सुचायला उशीर झाला असल्यास क्षमा असावी.

सरांनी मला माझ्याच माळेचा वर्ग करायला लावला : १२३४५६७६५४३२१. “वरून किती मोहक,” ते म्हणाले, “आणि आत २३९, २३९, ४६४९, ४६४९ असे चार दगड. संख्येच्या चेहऱ्यावरून तिच्या पोटातलं कळत नाही.”

मग त्यांनी भागाकार काढला. १ ला ७ ने भागले तर ०.१४२८५७ येते आणि हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, हे शाळेत सर्वांनी केलेले असते. यालाच आवर्ती दशांश अपूर्णांक म्हणतात. अंक का फिरून येतात? कारण प्रत्येक पायरीला उरणारी बाकी फिरून येते. आता १३ घ्या. १ पासून निघालो की बाकी अशा येतात : १, १०, ९, १२, ३, ४, आणि पुन्हा १. सहा बाक्यांचे एक चक्र झाले. १३ ने भागताना १ ते १२ अशा बारा बाक्या शक्य आहेत. मग उरलेल्या सहा कोठे गेल्या? २ पासून सुरुवात करून पाहा : २, ७, ५, ११, ६, ८, आणि पुन्हा २. दुसरे चक्र, तेही सहाचेच. बारा बाक्यांचे दोन सारखे वाटे झाले.

हा योगायोग नाही. दुसरे चक्र म्हणजे पहिल्याच चक्रातल्या प्रत्येक बाकीला दोनाने गुणून, तेरापेक्षा जास्त झाल्यास तेरा वजा करून आलेले चक्र आहे. म्हणून लांबी तीच. २ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्या सगळ्या बाक्या अशाच समान लांबीच्या चक्रांत वाटल्या जातात. तेव्हा चक्राची लांबी ही त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा विभाजक असलीच पाहिजे. ७ साठी लांबी ६, ती ६ ला भागते. १३ साठी ६, ती १२ ला भागते. ३७ साठी ३, ती ३६ ला भागते. मी त्या रात्री ४१ आणि ७३ करून पाहिले. अनुक्रमे ५ आणि ८ आले. पाच चाळिसाला भागतो, आठ बहात्तरला.

आता माळेकडे वळू. समजा एखादी मूळ संख्या सात एकांना निःशेष भागते. मग ती सात नवांनाही भागेल, म्हणजे १ वर सात शून्ये दिलेल्या संख्येला भागल्यावर बाकी १ उरेल. याचाच अर्थ, त्या मूळ संख्येने १ ला भागू लागलो तर सात पायऱ्यांनी बाकी फिरून १ वर येईल. म्हणून तिच्या चक्राची लांबी ७ किंवा ७ चा विभाजक. पण ७ स्वतः मूळ, तेव्हा लांबी १ किंवा ७ एवढेच पर्याय. लांबी १ फक्त ३ ची असते, आणि ३ ने माळेला भाग जात नाही, कारण अंकांची बेरीज सात आहे. उरली लांबी ७. मग वरच्या नियमाने मूळ संख्येतून एक वजा केल्यास ७ ची पट यायला हवी. आणि मूळ संख्या विषम असल्यामुळे ती पट समही हवी. म्हणजे १४ ची पट!

चौदाच्या पाढ्यात एकेक मिळवत जा आणि मूळ तेवढ्या ठेवा : २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. हेच ते आठ. मी दोन संध्याकाळी जे पंचवीस भागाकार केले त्यांतले बावीस मुळात करण्याचेच नव्हते. एक ओळ न भागता त्या बावीस संख्या बाद करता आल्या असत्या. खरे सांगायचे तर चूक झाली याच्यापेक्षा हे मला अधिक लागले. भागाकार करून पाहणे म्हणजे पडताळा, एवढेच मी समजत होतो. ‘हा भागाकार करण्याची गरज का नाही’ हे आधीच सांगता येते, हा प्रकार मला नवा होता.

तर माळ मूळ केव्हा असते? लांबी संयुक्त असेल तर कधीच नाही. सहा एकांच्या माळेचे तीन-तीनांचे दोन गट पाडा : १११ १११, म्हणजे १११ × १००१. दोन-दोनांचे तीन गट पाडले तर ११ × १०१०१. म्हणजे लांबी मूळ असावी लागते. पण तेवढ्याने भागत नाही. तीन एक म्हणजे ३ × ३७. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सातांची गत सांगितलीच. अकरा एक म्हणजे २१६४९ × ५१३२३९. तेरा एकांत ५३, ७९ आणि २६५३७१६५३ असे तीन अवयव. सतरा एकांत २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. दोन एकांची ११ ही मूळ संख्या सोडली तर ओळीने सगळ्या माळा तुटत गेल्या आहेत.

आणि मग एकोणीस येतात : ११११११११११११११११११११ असे लिहिताना माझा हात एखादा एक जास्त लिहून जातो, म्हणून गट पाडून लिहितो. १ १११ १११ १११ १११ १११ १११. ही माळ तुटत नाही. ही मूळ संख्या आहे.

हे कसे कळले? माझ्या जुन्या पद्धतीने गेलो तर वर्गमूळ शंभर कोटींच्या पुढे जाते. सरांच्या पद्धतीने फक्त ३८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासायच्या, तरी त्या सुमारे तीस लाख भरतात. मिनिटाला एक भागाकार, न जेवता न झोपता केला, तरी साडेपाच वर्षांहून अधिक काळ लागेल. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑस्कर होप याने ती मूळ असल्याचे सिद्ध केले, तेव्हा संगणक नव्हता. म्हणजे भागाकाराखेरीज दुसरी काही वाट असली पाहिजे.

ती वाट अशी. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याने एक नियम सांगितला : मूळ संख्या घ्या, तिने भाग न जाणारी कोणतीही संख्या घ्या, आणि त्या संख्येचा ‘मूळ संख्या वजा एक’ इतका घात करा, मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ च उरते. ७ साठी ३ चा सहावा घात ७२९. सातने भागा, बाकी १. आता कोणी म्हणेल, मग बाकी १ आली की संख्या मूळ झाली! तसे नाही. २ चा दहावा घात १०२४, आणि १०२४ म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १. म्हणून २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागले तरी बाकी १ येते. परीक्षेत ३४१ उत्तीर्ण! पण ३४१ = ११ × ३१. तेव्हा या परीक्षेत नापास होणारी संख्या नक्की संयुक्त. उत्तीर्ण होणारी मात्र केवळ ‘बहुधा मूळ’. हा ‘बहुधा’ शब्द लक्षात ठेवावा, पुढे तो फार मोठा होणार आहे.

‘बहुधा’ काढून टाकण्याची युक्ती एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितीने १८७६ साली दाखवली आणि अमेरिकेच्या डी. एच. लेमरने १९२७ साली तिला सोपे रूप दिले. ३ चे घात सातने भागत गेल्यास बाक्या येतात ३, २, ६, ४, ५, १. पाहा, १ ते ६ सगळ्या हजर आहेत, आणि १ अगदी शेवटी आला. आता हे चित्र एखाद्या संयुक्त संख्येबाबत कधी दिसेल काय? येथे सर एकदम लीलावतीवर आले. कुट्टकाच्या प्रकरणात भास्कराचार्य सामाईक विभाजक काढून टाकल्यावर उरणाऱ्या भाज्य आणि भाजकाला ‘दृढ’ म्हणतात. त्यांना आता एकत्र छेदणारे काही उरलेले नसते. वरच्या बाक्यांच्या यादीतली प्रत्येक बाकी मूळच्या संख्येशी अशीच दृढ असते, कारण तिला गुणत गुणत शेवटी १ वर पोचता येते. सामाईक विभाजक असता तर तो त्या १ लाही चिकटला असता. मग १ पासून ‘संख्या वजा एक’ पर्यंत सगळ्याच यादीत आल्या, तर सगळ्याच दृढ झाल्या. संख्येचा एखादा अवयव असता तर तोही याच यादीत कोठेतरी बसलेला असता, आणि तो स्वतःच्या संख्येशी दृढ कसा असेल? म्हणून अवयव नाही. संख्या मूळ.

एकही भागाकार शोधत न बसता मूळपणा सिद्ध झाला. मला हे दोनदा ऐकावे लागले आणि तिसऱ्यांदा मी स्वतः लिहून काढले तेव्हा पटले.

लीलावतीचा विषय निघाला म्हणून सांगतो. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीजवळचे ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे, आणि ते आपले बीडच असे काही अभ्यासकांचे मत आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, त्यामुळे पाटणचा पक्ष भक्कम आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला शिलालेखाचा मान ठेवावाच लागतो. सर मात्र बीडचा पक्ष सोडायला तयार नसतात. असो.

एकोणीस एकांकडे परत येऊ. सातांसाठी सहा बाक्या लिहिता येतात. येथे यादी परार्धांच्या घरातली. ती लिहायची नाही. फक्त एवढे पाहायचे की बाकी १ ही शेवटच्या पायरीला येते आणि मध्येच येत नाही. मध्ये आली तर ठरावीक जागांवरच येऊ शकते, आणि त्या जागा ‘संख्या वजा एक’ चे मूळ अवयव सांगतात. एकेका अवयवामागे एकच जागा तपासायची. म्हणजे आपल्या संख्येचे पोट पाहायचे तर तिच्या शेजाऱ्याचे अवयव ठाऊक हवेत! आणि येथेच माळेचे भाग्य उघडते. एकोणीस एकांतून एक वजा केला की अठरा एक आणि शेवटी शून्य उरते. अठरा संयुक्त, म्हणून ती माळ आपण होऊन तुटते : आधी नऊ एक आणि १००००००००१ अशी, मग पुढे आणखी. शेवटी शेजाऱ्याचे सगळे अवयव हाती येतात : २, ३, ३, ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. वेगवेगळे मूळ अवयव दहाच. म्हणून तपासायच्या जागा दहाच. एवढा मोठा घात काढणेही वाटते तितके कठीण नाही. वर्गाचा वर्ग, त्याचा वर्ग असे करीत साठेक पायऱ्यांत पोचता येते. तीस लाख भागाकारांच्या जागी काही शे पायऱ्या. शेजारी सहज मोडतो म्हणून ही न मोडणारी सिद्ध होते.

पुढची मूळ माळ तेवीस एकांची. तीही १९३० च्या आत सिद्ध झाली. मग मोठी पोकळी. १९६६ साली जॉन ब्रिलहार्टला ३१७ एकांची माळ ‘बहुधा मूळ’ आढळली, पण तिचा शेजारी लवकर मोडेना; सिद्धता ह्यू विल्यम्सने १९७७ साली दिली. अकरा वर्षे लागली. १०३१ एकांची माळ विल्यम्स आणि हार्वी डब्नर यांनी १९८६ साली सिद्ध केली. कापरेकर वारले तेच ते वर्ष. आणि १९९९ साली डब्नरला ४९०८१ एकांची माळ सापडली. सगळ्या परीक्षांत उत्तीर्ण, पण शेजारी मोडत नाही. ‘बहुधा’ काही हटेना. अगदी वेगळ्या, लंबवर्तुळी वक्रांच्या गणितावर उभ्या असलेल्या पद्धतीने आणि संगणकाला पुष्कळ राबवून २०२२ साली ती मूळ असल्याचे सिद्ध झाले. तेवीस वर्षे! या तेवीस वर्षांत ती संख्या संयुक्त असेल असे कोणाही जाणकाराला मनातून वाटत नव्हते. तरी कोणी तिला मूळ म्हटले नाही. आणि मी दोन संध्याकाळी केलेल्या हिशेबावर भित्तिपत्रकात ठळक अक्षरे काढली होती.

माझे एक चुलते मोंढ्यात आडतीच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यांना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “अन् याचा उपयोग काय?” मी त्यांच्या मोबाइलकडे बोट दाखवले. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी जी गुप्तलेखनाची रीत काढली, ती दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून ते दोन अवयव शोधणे अतिशय कठीण. सुमारे तीनशे अंकी दोन मूळ संख्या आणि त्यांचा सहाशे सतरा अंकी गुणाकार असे कुलूप पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. गंमत अशी की ते कुलूप करणारे यंत्र बहुधा ‘बहुधा मूळ’ संख्यांवरच समाधान मानते. परीक्षा इतक्या वेळा घेतात की चुकण्याचा संभव नगण्य होतो, आणि व्यवहाराला तेवढे पुरते. चुलते म्हणाले, “मग तेवीस वर्षं कशाला घालवली?” त्यांना उत्तर देता आले नाही. सिद्धता मिळाल्याने एकाही रुपयाचा व्यवहार अधिक सुरक्षित झाला नाही, हे खरेच आहे.

व्यवहाराला न लागणारी आणखी एक गोष्ट सांगतो. आपण दहाच्या पटीत मोजतो. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. त्याच्या लिपीत ३ म्हणजे ११, ७ म्हणजे १११, ३१ म्हणजे १११११. म्हणजे २ च्या एखाद्या घातातून एक वजा केलेली प्रत्येक संख्या त्याच्या लिपीत एकांची माळच असते! यांना मेर्सेन संख्या म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात ल्यूक ड्युरंट याने शोधलेली, त्या वेळेपर्यंतच्या ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी असलेली संख्या याच कुळातली : २ चा १३६२७९८४१ वा घात वजा एक. आपल्या अंकांत लिहिल्यास चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंक होतात. संगणकाच्या लिपीत तेरा कोटींहून अधिक एकांची अखंड माळ. पण एवढी अवाढव्य माळ सिद्ध होते आणि आपली ४९०८१ एकांची तेवीस वर्षे रखडते, हे कसे? पुन्हा शेजाऱ्यामुळेच. या वेळी पलीकडचा शेजारी. मेर्सेन संख्येत एक मिळवला की २ चा शुद्ध घात उरतो. त्याचे अवयव शोधायचेच नाहीत, नुसते २, २, २. म्हणून तिच्यासाठी ल्यूका आणि लेमर यांची एक खास, सुटसुटीत परीक्षा आहे.

ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या मेर्सेननेही १६४४ साली आपल्या परीने भित्तिपत्रक लिहिले होते. २ चा ६७ वा घात वजा एक ही मूळ, असे त्याने यादीत दिले. १८७६ साली ल्यूकाने ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण अवयव मात्र त्यालाही सांगता आले नाहीत. भांडे फुटके आहे हे निश्चित, चीर कोठे आहे ते ठाऊक नाही, अशी सत्तावीस वर्षे गेली. १९०३ साली अमेरिकेत गणितज्ञांच्या सभेत फ्रँक कोल याने १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडून दाखवला. मेर्सेनची चूक २३२ वर्षे भिंतीवर राहिली. माझी एक रात्र. एवढे समाधान मी करून घेतो.

भारतीय नावही येथे आले पाहिजे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे, शेजाऱ्याच्या अवयवांवर विसंबून न राहता आणि ‘बहुधा’ न म्हणता, संख्येच्या अंकांच्या मानाने बेताच्या पायऱ्यांत ठरवता येते, हे कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली सिद्ध केले. यांतले शेवटचे दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी होते. प्रत्यक्ष मोठ्या संख्यांसाठी इतर पद्धती अधिक जलद चालतात, परंतु असा मार्ग असू शकतो की नाही हाच प्रश्न त्यापूर्वी उघडा होता. एकांच्या मूळ माळा अनंत आहेत की कोठेतरी संपतात, हा प्रश्न मात्र अजून तसाच उघडा आहे.

वर्षाअखेरीस सरांनी मला एकोणतीस एकांची माळ दिली आणि म्हणाले, “मूळ असेल तर सिद्ध कर, नसेल तर मोड. मोबाइलला हात लावायचा नाही.” एकोणतीस मूळ, म्हणून अवयव असलाच तर तो ५८ च्या पटीत एक मिळवलेला. मी अठ्ठावन्नचा पाढा लिहायला घेतला. ५९ ने भाग जाईना. २३३, ३४९, ५२३, ९२९ करीत गेलो. माळेला भागण्याची एक सोय आहे. वरून उतरवायचा अंक नेहमी एकच असतो, त्यामुळे बाकीवर शून्य द्यायचे, एक मिळवायचा आणि पुन्हा भागायचे. २०८९, २४३७, २८४३. चौदा भागाकार झाले, रात्रीचा एक वाजला होता, आणि ‘ही मूळच असणार’ असे पुन्हा मनात येऊ लागले होते. पंधराव्याला, ३१९१ ला, बाकी शून्य आली. मी तो भागाकार आणखी दोनदा केला आणि मगच सकाळी सरांच्या टेबलावर कागद ठेवला, शिसपेन्सिलीने लिहिलेला.